गाऊनची डावी बाही

९ ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र फाडायला निदान हातात तरी घ्यावं लागेल. आणि तुम्ही शिवणकाम करणाऱ्या, कुठलीही गोष्ट वेडीवाकडी फाडणार नाही, तेवढ्यात चार ओळी नजरेखालून जातीलच, असा माझा हिशेब आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर पत्रलेखन शिकवायच्या. त्या म्हणायच्या, आधी समोरच्या माणसाची चौकशी करा, मग आपलं रडगाणं गा. तेव्हा आधी विचारते. गुडघा कसा आहे? मशीन पायाचंच चालवता की मोटर लावून घेतलीत? तुमची लेक नेहमी म्हणायची, आईला मोटर लावून दिली तरी ती पाय हलवतच बसेल.

ठकी छान आहे. हो, अजून ठकीच म्हणतो. पोटात असताना तिच्या आईनं ठेवलेलं नाव, ते बदलायचं सगळ्यांच्याच जिवावर येतंय. मान धरते, पंख्याकडे बघून हसते, आणि तुमच्या जावयाच्या मिशीला हात घालते. जिभेवर दुधाचा थोडा पांढरा थर साचतो, मी ओल्या कपड्यानं पुसते. बाकी काही तक्रार नाही.

लेकीचे दिवसकार्य आटोपून जाताना तुम्ही जे बोललात त्याचा राग मी धरलेला नाही. तुम्ही ठकीला नेऊ का म्हणून विचारलंत, तुमच्या जावयानं नाही म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, माझ्या लेकीचा निळ्या फुलांचा गाऊन तेवढा द्या, मीच शिवला होता, धुतलेला नाही ना? आणि मी म्हटलं, बाळाला तो लागतो. तेव्हा तुम्ही दारातून वळून म्हणालात, "माझी मुलगी तुमच्याकडे राहिली, तिची मुलगी तुमच्याकडे राहिली, आता तिचा वासही तुम्हीच ठेवून घ्या."

पण ते खरंच होतं, विहीणबाई. बाळाला तो लागतो. डावी बाही मुठीत धरते, चोखत चोखत झोपते. दुसरं काही देऊन बघा, घर डोक्यावर घेते. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

ठकीची इथली आजी


२३ ऑक्टोबर

विहीणबाई,

मागच्या पत्रात मी थर पुसते असं लिहिलं होतं. तो पुसला जात नव्हता.

मी दुधाचाच समजत होते. मग गालांच्या आतही दिसायला लागलं, खालच्या ओठाच्या आत, हिरड्यांवर. विरजण फाटल्यावर भांड्याच्या कडेला कसं चिकटून बसतं, तसं. शेजारीण म्हणाली, "अहो, जोर लावून पुसा, नाहीतर मध चोळा. आमच्या सगळ्यांना चोळला, मेला का कोणी?" मध घरात नव्हता, म्हणून मी जोर लावला. एक डाग निघाला, आणि खाली लालबुंद झालं, रक्ताचा थेंब आला. ठकी अशी रडली की तिचा आवाजच बंद झाला, नुसतं तोंड उघडं. मी कपडा टाकून दिला आणि तिला घेऊन तशीच निघाले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर समजलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला एकदम हेडमिस्ट्रेस. बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, दूध असतं तर ओल्या कापडानं अलगद निघालं असतं. आणि दूध गालाच्या आत असं चिकटून बसत नाही. ही बुरशी आहे."

बुरशी! पावावर येते ती! शाळेत दर सोमवारी माझी नखं बघून सिस्टर बाकीच्या मुलींना दाखवायच्या, अशी नखं हवीत म्हणून. आणि माझ्या घरात, माझ्या नातीच्या तोंडात बुरशी. मी काय बोलले असेन माहीत नाही, पण त्या जरा मऊ झाल्या. "घाणीमुळेच होतं असं नाही. लहान बाळांना होतं. हिला जन्मल्यावर अँटिबायोटिक दिलं होतं ना? तोंडातले चांगले जंतूही त्यात मरतात, मग बुरशीला मोकळं रान मिळतं. घाबरू नका, बरं होतं. फक्त घासायचं नाही. आणि मध तर वर्षाच्या आत जिभेलासुद्धा लावायचा नाही, शेजारणीला सांगा."

थेंब दिलेत, पिवळसर. दूध पाजून झालं की स्वच्छ कापसाच्या बोळ्यानं दोन्ही गालांच्या आत आणि जिभेवर हळूच लावायचे. दुधाआधी लावले तर दुधाबरोबर पोटात जातात, तोंडात राहत नाहीत. डाग गेले तरी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत थांबवायचे नाहीत. बाटलीची बुचं उकळून घ्यायची, हात धुवायचे.

हे तुमच्यापासून लपवावं असं आधी वाटलं. तुम्ही म्हणाल, बघा, सांभाळायला निघाल्या होत्या. म्हणा. पण दुसऱ्या कुणाकडून समजण्यापेक्षा माझ्याकडून समजलेलं बरं.

तिला दुखतं, म्हणून दूध कमी पिते. बाटली तोंडात घेते, दोन घोट ओढते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच चावलं तिला.

ठकीची आजी


१० नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. असू दे. आपल्या दोघींत रुसायचा मान खरं तर माझा, मुलाच्या आईचा, पण तो तुम्हाला दिला. दोघी रुसलो तर पोरीचं कोण बघणार?

डाग गेले होते. तोंड आतून गुलाबी, चकचकीत. मी तरीही थेंब थांबवले नाहीत, सांगितलेल्या दिवसापर्यंत लावले. बाटली भरभर संपायला लागली. तुमच्या जावयाला मी आरशासमोर शीळ घालताना ऐकलं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, मध्येच थांबला.

मग ते परत आले. आधी डाव्या गालात, मग सगळीकडे.

आता मी घरातलं काय उकळत नाही ते विचारा. बुचं, बाटल्या, चमचे, माझे रुमाल, खुळखुळा. खुळखुळा उकळल्यावर वाकडा झाला आणि वाजायचा बंद झाला. तुमचे जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आले आणि पातेल्यात डोकावून म्हणाले, "आई, आज जेवायला बाटल्या आहेत का? मलाही घाल एकदा उकळीत, म्हणजे तुझं समाधान होईल." तो हसला आणि मीही हसले. या घरात बऱ्याच दिवसांनी दोन माणसं एका वेळी हसली.

पण वजन घटलंय. डॉक्टरीणबाईंनी थेंब पुन्हा सुरू करून दिले आणि विचारलं, "तोंडात आणखी काय काय जातं तिच्या? चोखणी? खेळणं? तुमचं बोट?" मी म्हटलं, "चोखणी आम्ही देतच नाही. बाकी सगळं उकळते." म्हणाल्या, "नीट आठवा. काहीतरी आहे, जिथून हे परत येतंय." मी म्हटलं, "काही नाही."

पुन्हा वजन घटलं तर तिला दाखल करावं लागेल, असंही म्हणाल्या. गावात मोठं हॉस्पिटल एकच, तुमची लेक गेली ते. तोच मजला, तोच हिरवा पडदा. तुमच्या जावयाला मी हे सांगितलेलं नाही. त्या रस्त्यानं जायचं टाळण्यासाठी तो कामावर जाताना अख्खा वळसा घालून जातो.

झोप मात्र तिला लागते, एवढंच. बाही तोंडात धरली की तोंड दुखत असलं तरी झोपते. गाऊनला अजून तिच्या आईचा वास आहे, विहीणबाई. दुधाचा आहे, घामाचा आहे, ती लावायची त्या पावडरीचा आहे. आणि आणखी एक कसलासा आहे, त्याचं नाव मला सापडत नाही. ती लग्न होऊन आमच्या घरात आली त्या दिवसापासून तिच्याजवळ बसलं की तो यायचा. खूप आठवून बघते, पण नाही आठवत.

ठकीची आजी


२४ नोव्हेंबर

विहीणबाई,

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वजन पुन्हा घटलं. डॉक्टरीणबाई हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला लागल्या. ठकी काट्यावर उघडी, गार पडलेली, किंचाळत होती. मी उचललं, थोपटलं, खिडकी दाखवली. काही केल्या थांबेना. बाहेरच्या बाया दारातून डोकावायला लागल्या. शेवटी मी पिशवीत हात घातला. लंगोटांच्या खाली, अगदी तळाशी, गाऊन होता. मी तो कुठेही जाताना बरोबर नेते, पण दवाखान्यात कधी बाहेर काढला नव्हता. का काढला नव्हता, ते मला विचारू नका.

बाही तोंडाशी गेली आणि ठकी गप्प झाली. डॉक्टरीणबाईंचं पेनही थांबलं.

"हे काय आहे?"

"गाऊन."

"कुणाचा?"

"तिच्या आईचा."

त्यांना माहीत आहे सगळं. "केव्हापासून चोखते ती हा?"

"आई गेल्यापासून."

"आणि धुता केव्हा?"

मी ठकीला थोपटत राहिले. माझ्या घरात मिठाची बरणीसुद्धा उकळून झाली होती.

"आजी, मी तुम्हाला विचारलं होतं, तोंडात आणखी काय जातं. काही नाही म्हणालात."

"तुम्ही वस्तू विचारत होतात," मी म्हटलं. "ही वस्तू आहे असं मला वाटलं नाही."

विहीणबाई, मी खोटं बोलत नव्हते हो. मला खरंच सुचलं नाही. तुम्ही कुणाच्या आईला उकळायचं मनात आणाल का?

त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाहीचं टोक बोटांत धरलं. ओलं, कडक, पिवळट झालेलं. "तुमच्यासाठी नसेल ही वस्तू," त्या म्हणाल्या. "बुरशीसाठी हे दुधात भिजलेलं कापड आहे. तुम्ही तोंड स्वच्छ करता आणि ठकी ती रोज इथून परत घेते. उकळत्या पाण्यात घाला, साबण लावा, कडक उन्हात वाळवा. मग हवं तेवढं चोखू दे."

"वास जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरं काही सांगून माझी समजूत काढली नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

चिठ्ठी त्यांनी फाडली नाही, खणात ठेवली. आठवडाभरात वजन वाढलं नाही तर काढीन, म्हणाल्या.

मी घरी येऊन पाणी ठेवलं. उकळलं. पातेल्यासमोर गाऊन घेऊन उभी राहिले, आणि गॅस बंद केला.

तुम्ही मागितला होता तेव्हा दिला असता तर तो तुमच्याकडे राहिला असता.

ठकीची आजी


२६ नोव्हेंबर

विहीणबाई,

हे पत्र पुडक्यात सगळ्यात वर ठेवतेय. गाऊनचा कागद सोडण्याआधी हे वाचा.

काल तुमच्या जावयाला सगळं सांगितलं. तो पाळण्याशी उभा होता. म्हटलं, गाऊन उकळावा लागणार.

तो म्हणाला, "सगळा?"

"डॉक्टरीणबाई सगळा म्हणाल्या. पण ठकी फक्त डावी बाही तोंडात घालते. ती बाही इथे ठेवू आणि उकळू. बाकीचा तुझ्या सासूबाईंकडे पाठवू या का? तिथे लहान बाळ नाही. त्यांनी तोंड उघडून मागितला होता, मी दिला नाही."

त्यानं पाळण्यातला गाऊन नीट केला. मग म्हणाला, "आई, मी रोज कामावर जाताना पाळण्यात वाकतो, ते नुसतं ठकीसाठी वाकतो असं तुला वाटतं का?"

मला समजलं नव्हतं. आई असून समजलं नव्हतं. मी म्हटलं, "मग राहू दे. तू ठेव कपाटात."

"नको," तो म्हणाला. "कपाटात ठेवला तर मी कपाटच उघडत बसेन. पाठव त्यांना." मग त्यानं गाऊन उचलला, गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मी आत भाजी चिरत बसले. किती चिरली कुणास ठाऊक, चार घरांना पुरली असती.

बाही कात्रीनं कापायचं माझ्यानं होईना. मग ठरवलं, टीप उसवायची. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर माझं काम बघून म्हणायच्या, देवानं तुला हात दिले ते बहुतेक पुस्तक धरायला. तेव्हा माझी गत काय झाली असेल ते ओळखा. तुम्ही टीप किती बारीक घालता हो! आणि दुहेरी! एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, कापायचा, दोरा ओढायचा. ठकी मांडीवर. बाहीचं टोक तिच्या तोंडात, आणि खांद्याकडून मी उसवतेय. दुपार गेली. आतून तुम्ही भरपूर कापड सोडलेलं दिसलं, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. पुढचे हूकही बाळाला पाजायला सोपं जावं असे लावलेले. तुम्ही तो किती पुढचा विचार करून शिवला होता, हे उसवल्याशिवाय मला दिसलं नसतं.

बाही सुटली. ती उकळत्या पाण्यात घातली. पाणी आधी दुधट झालं, मग निळसर. मी बघत उभी राहिले. कुणीतरी बघायला हवं होतं.

बाकीचा गाऊन धुतलेला नाही. कागदात गुंडाळून वर पिशवी बांधलीय. खांद्याशी दोरे लोंबतायत, ते मी कापलेले नाहीत. तुमचा दोरा आहे.

आता तो तुमच्याकडे ठेवा. मी आमच्याकडे काहीही ठेवून घेतलेलं नाही.

तुमची विहीण


२२ डिसेंबर

विहीणबाई,

तोंड स्वच्छ आहे. हे आधी लिहिते. थेंब सांगितल्याप्रमाणे पूर्ण केले, रोज बॅटरी लावून बघते, गाल आतून गुलाबी आहेत. वजन वाढलं. डॉक्टरीणबाईंनी खणातली चिठ्ठी काढून माझ्यासमोर फाडली, आणि ठकीनं तो कपटा पकडून तोंडात घातला. "आजी, हाही उकळून द्या," त्या म्हणाल्या.

आता दुसरं.

उन्हात वाळलेली बाही मी तिच्या हातात दिली. तिनं तोंडाशी नेली, थांबली, आणि फेकली. पुन्हा दिली, पुन्हा फेकली. मान वळवून वळवून शोधत होती. रडत होती ते भुकेचं रडणं नव्हतं, दुखण्याचंही नव्हतं. तुमचे जावई तिला खांद्यावर घेऊन जिना चढत-उतरत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनात तुमचा पत्ता घोकत होते, गाऊन परत मागवू का म्हणून.

मग एका दुपारी ती काहीही हातात न घेता झोपली. मला वाटलं, दमली असेल. संध्याकाळीही तशीच झोपली. परवा झाडताना बाही पाळण्याखाली सापडली, धूळ लागलेली. केव्हा पडली कुणास ठाऊक. तिनं मागितली नव्हती.

ती विसरली, विहीणबाई. असंच व्हायला हवं, हे मला कळतं. तुमचे जावई ती बाही हातात घेऊन कितीतरी वेळ खाली बसून होते. मग मी ती धुऊन, घडी करून ठेवून दिली. तिला आता कसलाच वास नाही. साबणाचाही नाही.

काल तुमचं पुडकं आलं.

आत चिठ्ठी असेल म्हणून सगळे कागद उलटेपालटे केले. नव्हती. नुसता फ्रॉक. तीच निळी फुलं. गाऊन शिवून उरलेलं कापड तुम्ही एवढे दिवस जपून ठेवलं होतं तर. टीप तीच, बारीक, दुहेरी. ठकीच्या अंगाला लावून बघितला, तर पार पायांखाली गेला. तुमचे जावई म्हणाले, "माप चुकलं त्यांचं." मी म्हटलं, "त्यांचं माप कधी चुकत नाही. पुढच्या वर्षीचा आहे." तो आतल्या खोलीत गेला.

नवा कपडा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचा नाही, हे आता माझ्या घरात कुणी मला सांगायला नको. मी पाणी ठेवलं, फ्रॉक उचलला, आणि सवयीनं नाकाशी नेला.

तो वास, विहीणबाई. मला नाव सापडत नव्हतं तो. तुमच्या मशीनचं तेल, खडू, आणि न धुतलेल्या कापडाची खळ. लग्न होऊन आली तेव्हा तुमच्या लेकीच्या अंगाला हाच वास यायचा. मी इतके दिवस तो तिचा समजत होते. तो तुमच्या घराचा होता.

मी गॅस बंद केला. फ्रॉक घडी करून कपाटात ठेवलाय. ठकीच्या तोंडापासून लांब आहे, काळजी नको, आणि डॉक्टरीणबाईंना कळवण्याची काही गरज नाही. तुमच्या जावयाला दाखवला. त्यानं नाकाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पोर भराभर वाढतेय. फ्रॉक तिच्या अंगात बसायला लागला की मला तो धुवावाच लागेल.

त्याआधी या.

तुमची विहीण